महानंदा ॲडमिट आहे

चहा घ्या आधी. आणि एक कबूल करा, हसायचं तर सगळं सांगून झाल्यावर हसायचं. मधेच कुणी फिदीफिदी केलं की माझी गाडी घसरते, आणि ही हकीकत मुळातच इतकी घसरलेली आहे की आता आणखी घसरायला जागा नाही.

निलंग्यात माझं भांड्यांचं दुकान आहे. रुखवताच्या पातेल्यांपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं मिळतं. महानंदा माझी बायको. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं जिथं जिथं मुक्कामाला गेलो, ते एक तर पाहुण्यांकडं, नाही तर मंगल कार्यालयात, खाली गाद्या टाकून. तिसरी जागा आम्हाला माहीतच नव्हती.

मागं एकदा एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न हैदराबादला मोठ्या हॉटेलात झालं. तिथं महानंदानं एका खोलीच्या उघड्या दारातून आत पाहिलं. एक माणूस पलंगावरची चादर ओढून सरळ करत होता, आणि ज्या बाई त्या पलंगावरून उठल्या होत्या त्या खिडकीशी बसल्या होत्या. नुसत्या. हातात निवडायला भाजीसुद्धा नाही. परत येताना ती मला म्हणाली, "आपुन बी एकदा असं राहू. मी उठावं आन पांघरुणाची घडी दुसऱ्यानं घालावी."

मी म्हणालो, बघू.

नवऱ्याच्या 'बघू'ला किती वर्षं लागतात, हे इथल्या वहिनींना मी सांगायला नको. शेवटी पोरीनंच मनावर घेतलं. आमची श्रुती पुण्यात नोकरी करते. लग्नाच्या वाढदिवसाला तिनं फोनवरूनच हॉटेलात दोन रात्रींची खोली घेऊन टाकली. गोवा घेते म्हणत होती. मीच आडवा पडलो. म्हटलं, लगीनसराई आत्ताच संपली आहे, उधारीवाले येऊन जाऊन आहेत, लांब कशाला? लातूरला औसा रोडवर नवीन झालंय की, पोहायचा तलाव आहे, सगळं आहे.

लातूर म्हटल्याबरोबर महानंदाचा चेहरा उतरला. "अहो, लातुरात अक्का हायत."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला सांभाळलं, माझं लग्नही तिनंच जमवलं. आता आमच्यातली रीत तुम्हाला ठाऊक आहे. सख्ख्या बहिणीच्या गावात जाऊन लॉजवर उतरायचं, याच्याइतका मोठा अपमान नाही. हॉटेल कितीही मोठं असू द्या, आमच्या घरात त्याला लॉजच म्हणतात. आणि अक्काकडं उतरायचं म्हटलं तर महानंदा भावजय पडली. अक्काचे गुडघे दुखतात, घरात येणारं-जाणारं सतत. महानंदा पिशवी ठेवते ती थेट सैपाकघरात, आणि बाहेर येते ती आमची बस धरायलाच.

म्हणून तिनं अट घातली. "कुणाला सांगायचं न्हाई. अक्काला तर मुळीच न्हाई. मपला फोन बंद राहील. दोन दिस मला कुणी काही मागायचं न्हाई, येवढं एकच पायजे मला."

एवढंच. बाईनं इतक्या वर्षांत मागितलं ते हे एवढंच, आणि ते सांभाळायची जबाबदारी कुणाकडं? माझ्याकडं.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. स्टँडवर कुणी भेटायला नको म्हणून अलीकडंच बायपासच्या चौकात उतरलो. महानंदानं तोंडाला स्कार्फ बांधला होता, मी टोपी नाकापर्यंत ओढली होती. पळून आलेलं जोडपं म्हणून पोलिसांनी कसं अडवलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

खोली काय होती म्हणता. पलंग एवढा मोठा की आमची सबंध वरात त्यावर बसली असती. महानंदा आधी कडेला टेकली, मग जरा आत सरकली, मग पार मधोमध जाऊन आडवी झाली आणि छताकडं बघत राहिली. मी इकडं चौकशीला लागलो. अगं, ही लाईट कुठून बंद होते? अगं, गरम पाणी कोणत्या बाजूला? अगं, माझा दाढीचा डबा कुठं टाकलास? ती डोळे न उघडता सांगत होती, डावीकडं, वरच्या बाजूला, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. किती छान चाललं होतं आमचं.

मग तिनं टबात पाणी भरून मनसोक्त अंघोळ केली. बाहेर आली ती हॉटेलचा पांढरा जाड झगा घालून, ओल्या केसांना पांढरा टॉवेल गुंडाळून. येताना खाली आम्हाला शहाळ्याचं पाणी दिलं होतं, तिचा ग्लास तसाच उशाशी होता. पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि झोपली. भर दुपारी! माझ्या बायकोला दुपारी झोपलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मला खरंच भरून आलं.

आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. अक्का.

मी बाल्कनीत पळालो.

"शिवा, कुठं हाईस?"

"दुकानात, अक्का."

"दुकानात? मग बायपासला एसटीतून उतरलं ते कोण व्हतं? दाजींनी बघितलं तुला. हाक मारून राहिले तर तू टोपी ओढून पळायलास म्हणं."

आता बघा, शहाण्या माणसानं इथं काय केलं असतं? खरं सांगितलं असतं. नाही तर निदान लहानसं खोटं बोलला असता, भांड्यांच्या मालाचं बघायला आलो होतो म्हणून. मी दुकानदार माणूस, दिवसभर गिऱ्हाइकाला काही ना काही सांगतच असतो. पण समोर अक्का असली की माझ्या डोक्याला कुलूपच लागतं. माझ्या तोंडून निघालं, "दवाखान्यात आलोय."

"कामून? कोण बिमार हाय?"

"महानंदा."

"अगं बया. काय झालं तिला?"

"काही न्हाई, जरा चक्कर आलती. दोन दिस निगराणीखाली ठिवतो म्हणले."

"ॲडमिट केलंय? आन मला सांगितलं न्हाईस? कंच्या दवाखान्यात?"

"नवाच निघालाय, अक्का. भेटायला सोडतच न्हाईत कुणाला. लई कडक हायत."

"सोडत न्हाईत म्हणजे? शिवा, मला खरं सांग, पोरगी शुद्धीवर तरी हाय का? तिचा फोटो धाड. आत्ताच्या आत्ता धाड. तवर मी पाण्याचा घोट घेणार न्हाई."

मी खोलीत येऊन बघितलं. पांढरी चादर. पांढरा झगा. डोळे मिटलेले. उशाशी शहाळ्याचं पाणी. देवानंच सगळी मांडणी करून दिली होती. मी हळूच एक फोटो काढला आणि धाडला. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की सांगू नका. फोनचा आवाज बंद केला, चार्जिंगला लावला आणि खाली खायला काय आहे ते बघायला गेलो.

आता त्या टॉवेलचं माझ्या लक्षातच आलं नाही हो.

अक्कानं फोटोत काय बघितलं? महानंदाच्या डोक्याला ही एवढी मोठी पांढरी पट्टी! तिनं तो फोटो आमच्या घराण्याच्या ग्रुपवर टाकला. फोटोखाली बोलून निरोप टाकला, रडत रडत, की महानंदाच्या डोक्याला मार लागलाय, शिवा लपवून राहिलाय, चक्कर आली म्हणतोय. आमच्याकडं कुणी दवाखान्यात आहे म्हटलं की माणसं आधी घरातून निघतात आणि काय झालंय ते वाटेत विचारतात. उदगीरचे मामा निघाले. निलंग्यात बातमी पोचली तसं माझ्या शेजारच्या दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं.

आणि पुण्यात श्रुतीनं तो फोटो बघितला.

तिला तर माहीत होतं आम्ही कुठं आहोत ते. पलंगामागची भिंतही तिनं ओळखली, खोली तिनंच निवडली होती ना. तिची खात्रीच पटली की आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि पप्पा घाबरून काहीबाही सांगताहेत. आईचा फोन बंद. माझा वाजत होता, पण मुका. मग तिनं दोन कामं केली. हॉटेलात फोन करून सांगितलं की माझी आई खोलीत जखमी आहे, लवकर जा. आणि अक्काला पत्ता देऊन सांगितलं, आत्या, तुम्ही जवळ आहात, आधी पोचा.

मी तेव्हा कुठं होतो? खाली जेवणाच्या हॉलमध्ये. तिथली ती गोल झाकणाची मोठाली भांडी मी बोटानं वाजवून बघत होतो आणि तिथल्या आचाऱ्याला तळाचा पत्रा पातळ आहे म्हणून समजावत होतो. तेवढ्यात मॅनेजर, दोन माणसं, एक बॅगवाले डॉक्टर आणि चाकांची खुर्ची, असे सगळे पळत पळत लिफ्टकडं गेले.

मी आचाऱ्याला म्हणालो, "बघा, कुणाचं तरी माणूस आजारी पडलं वाटतं. फिरायला आल्यावर जपायला पाहिजे माणसानं."

भजी खाऊन सावकाश वर गेलो. बघतो तर ती चाकांची खुर्ची आमच्याच दारात.

आत महानंदा पलंगावर उठून बसलेली. डॉक्टर म्हणत होते, "ताई, टॉवेल हळूच काढा, जखम किती आहे बघू द्या." आणि ती म्हणत होती, "कसली जखम? केस धुतलेत मी." मॅनेजर घाम पुसत होता. महानंदानं माझ्याकडं बघितलं. पंचवीस वर्षांचा संसार आहे, तिला विचारावं लागत नाही कुणी केलं ते.

मी तोंड उघडणार तेवढ्यात लिफ्ट पुन्हा उघडली. अक्का. एका हातात डबा, दुसऱ्या हातात नारळ, मागं दाजी थर्मास घेऊन. दारातली खुर्ची दिसली आणि अक्कानं हंबरडाच फोडला. "महानंदे, काय झालं गं हे तुला?" गुडघे विसरून धावतच आत आली, पदराच्या गाठीतली विभूती काढून महानंदाच्या कपाळाला लावली आणि तिचं डोकं छातीशी धरून रडायला लागली. रडता रडता चारी बाजूंना बघतही होती. "दवाखाना झ्याक हाय," दाजींना म्हणाली. "टीव्ही केवढा मोठा लावलाय बघा पेशंटला."

डॉक्टरांनी बॅग बंद केली. त्यांना कळलं असावं, या खोलीत त्यांचं औषध चालणार नाही. मॅनेजर श्रुतीला सगळं ठीक आहे म्हणून कळवायला गेला, माणसंही हळूच निघून गेली. खुर्ची तेवढी तिथंच राहिली, कारण दाजी तिच्यात बसले होते.

मी म्हणालो, "अक्का, त्याचं काय झालं..."

"तुमी गप बसा," महानंदा म्हणाली. मग अक्काचा हात हातात घेऊन तिनं सरळ सांगून टाकलं. "अक्का, हे हॉटेल हाय. आमी राहायला आलोय. मला काही झालेलं न्हाई. तुमाला सांगू नका म्हणून मीच म्हणले यांना."

अक्काचा हात तसाच राहिला. "मपलं घर असताना?"

"घर हाय म्हणूनच. तुमच्याकडं यायचा मला कटाळा न्हाई, अक्का. पण आले की मी चुलीपाशीच आसते. दोन दिस मला कुणाला काही करून घालायचं नव्हतं. तुमालाच म्हणून न्हाई, कुणालाच."

मला वाटलं, संपलं. आई गेल्यावर जिनं मला सांभाळलं ती बहीण आता उठणार, डबा उचलणार आणि पुढच्या राखीला दार उघडणार नाही. एका फोटोपायी मी बायकोचा आराम घालवला आणि बहीणही घालवली.

अक्कानं डब्याचं झाकण उघडलं. आत मऊ खिचडी होती. ती खिचडीकडं बघत राहिली.

"मग मला काय हौस हाय का गं," ती म्हणाली, "जल्मभर लोकांना करून घालायची?"

महानंदानं चमकून बघितलं. अक्कानं पलंगाची गादी हातानं दाबून बघितली. मग जरा जोरात दाबली. "इथं चहा कोण करून देतं?"

"तेच देतेत. फोन केला की."

"आन कप?"

"तेच नेतेत."

अक्कानं डब्याला झाकण लावलं आणि दाजींकडं वळली. आवाज एकदम बदलला. "तुमी जावा घरला. बाई माणूस ॲडमिट हाय, सोबतीला बाईच पायजे. मी थांबते हितं."

"अगं, पण ती कुठं ॲडमिट..." दाजी म्हणायला लागले.

"साऱ्या घराण्यात सांगून झालंय ॲडमिट हाय म्हणून. आता हॉटेल म्हणलं तर इज्जत राहील का? आन शिवा, तू बी जा. यांना कोण बघंल? आन समाचाराला माणसं येतील तिकडंच, त्यांना कोण बघंल?" खिचडीचा डबा तिनं माझ्या हातात दिला. "हे घेऊन जा. वाया जायला नको."

महानंदा काही म्हणेल म्हणून मी तिच्याकडं आशेनं बघितलं. ती उशी नीट करत होती. अक्कासाठी.

दुसरा दिवसभर मी अक्काच्या घरी होतो. जे आलं त्याला पाणी, जे आलं त्याला चहा. उदगीरचे मामा सहकुटुंब आले. शेजारचा दुकानदार आला. सगळ्यांना मी पडेल चेहऱ्यानं सांगत होतो, अक्का आहे जवळ, भेटायला सोडत नाहीत, लई कडक आहेत. माझा चेहरा पडायला काही खटपट करावी लागत नव्हती. आणि दाजी! मला वाटायचं गरीब माणूस. शिवा, पेपर कुठंय? शिवा, माझी गोळी कुठल्या डबीत असते? शिवा, पांढरा शर्ट? अहो, घर तुमचं, मला काय ठाऊक? खिचडी दोन्ही वेळेला खाल्ली.

तिसऱ्या दिवशी दोघींना आणायला गेलो. अक्का तलावाच्या कडेला गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून बसली होती, म्हणाली, जरा थांब की, काय घाई हाय. महानंदाचा चेहरा मी लग्नातसुद्धा एवढा ताजा बघितला नव्हता.

अक्काला घरी सोडून आम्ही एसटीत बसलो. मी भीतभीतच विचारलं, "अक्कानं लई त्रास दिला का?"

"अक्कानं? छे ओ. आमी दोघी लोळून राहिलो नुसत्या."

"म्हणजे आराम झाला तुला?"

"लई झाला." ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग अगदी सरळपणानं, काही टोचून न बोलता, म्हणाली, "मला वाटत व्हतं मला सैपाकाचा कटाळा आलाय. तसं न्हाई ओ. मला उत्तरं द्यायचा कटाळा आलाय. हे कुठंय, ते कुठंय. तुमी गेल्यावर खोलीत कसं शांत झालं. पयल्या दिवशी तुमी व्हता तेवढंच."

वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि राग यावा तर कुणाचा यावा, दाजींच्या घरून मी नुकताच सुटून आलो होतो.

तिथंच बसमध्ये मी मनाशी ठरवून टाकलं, आजपासून हिला काही विचारायचं नाही. औसा गेलं, मी गप्प. निलंगा आलं, मी गप्प. बॅग उचलली, रिक्षा केली, घरासमोर उतरलो, गप्प. दाराला कुलूप. मी सदऱ्याचा खिसा चाचपला, विजारीचा चाचपला. बॅग पायरीवर उघडून सगळे कपडे बाहेर काढले. दाढीचा डबा झटकून बघितला. समोरच्या घरातून लोक महानंदाची तब्येत विचारायला येताना दिसत होते, आणि मी आमच्याच दारात चोरासारखा खिसे उलटे करत उभा होतो.

महानंदा पायरीवर पाय पसरून निवांत बसली होती, आणि माझ्याकडं बघत होती. बराच वेळ बघत होती.

शेवटी तिलाच माझी दया आली.

"विचारा," ती म्हणाली.